नाताळचे ताट आणि आपला आग्रह



आज आगमनकाळातील तिसरा रविवार, म्हणजे ख्रिस्तसभेचा आनंदाचा रविवार. वेदीजवळ गुलाबी मेणबत्ती पेटली आहे आणि घरोघरी कढई चढली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला चार घरी गेलो, तर चारही घरी करंजीचे सारण भाजल्याचा वास. तेव्हा नाताळच्या जेवणाबद्दल काही लिहायचे असेल तर ते आजच लिहायला हवे. पुढच्या रविवारपर्यंत डबे भरलेले असतील, आणि भरलेल्या डब्यापुढे उपदेश चालत नाही.

महिला मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तो असा : "फादर, नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत वजन वाढते आणि मग वर्षभर उतरत नाही. काय खायचे सोडावे?" प्रश्न सरळ होता. उत्तर देताना आम्हाला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. ती आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तिच्यात चूक आमची आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाताळच्या दुपारी चर्चच्या अंगणात पंगत बसली होती. आम्ही स्वतः गुलाबजामाचे भांडे घेऊन वाढायला निघालो. फादर वाढतात म्हणून पंगत खूश. एका आजींनी ताटावर हात आडवा धरला. "पुरे, फादर." आम्ही हसून म्हणालो, "आजी, प्रभूचा वाढदिवस आहे, एक तरी!" एक वाढला. पुढच्या फेरीला आणखी एक. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात आडवा धरलाच नाही. आजींना बऱ्याच वर्षांचा मधुमेह होता, हे आम्हाला ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही. त्या आठ दिवसांत त्या बारा-तेरा घरी गेल्या आणि प्रत्येक घरी कोणीतरी आमच्यासारखेच हसून वाढले. पायाला आधीची एक लहानशी जखम होती. साखर चढली, जखम चिघळली आणि जानेवारीत पायाचे एक बोट काढावे लागले. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आम्ही विचारले, "आजी, तुम्ही नाही का म्हटले नाही?" त्या म्हणाल्या, "म्हटलं होतं न, फादर. पण तुमचा हात कसा वापस करू जी?"

वजनाचा आणि पथ्याचा प्रश्न आपण नेहमी खाणाऱ्याला विचारतो. वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही. आजचा पाठ वाढणाऱ्यासाठी आहे.

प्रथम थोडे शरीराविषयी, कारण "मी कुठे जाड आहे?" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस दिसायला बारीक असतो, पण त्याची चरबी पोटाच्या घेरात लपून बसते. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानतात; पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. ज्यांना हे गणित जमत नाही त्यांनी शिंप्याची टेप घ्यावी. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८० च्या वर असेल, तर वजनकाटा काहीही सांगो, सावध व्हावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहूनही अधिक, १३ कोटींच्या पुढे, लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपली पंगत पन्नास जणांची असली तरी त्यात हे दोन्ही प्रकारचे लोक बसलेले असतात. उंबरठ्यावरच्या पुष्कळांना ते स्वतःलाही माहीत नसते.

आता नाताळात खरोखर किती वजन वाढते? अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन वर्षभर अधूनमधून मोजून एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या सणासुदीत त्यांचे वजन सरासरी किलोच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक वाढले. म्हणजे फार नाही. पण ते पुढच्या महिन्यांत उतरले नाही. सणाचे वजन पाहुण्यासारखे येते आणि घरजावयासारखे राहते. दहा वर्षांत दहा नाताळ होतात, हे लक्षात घ्यावे.

येथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट म्हणायची आहे. एका दिवसाच्या मेजवानीने कोणी लठ्ठ होत नाही. दोष मेजवानीचा नाही, ती संपत नाही याचा आहे. ख्रिस्तसभेच्या पंचांगात सण आणि उपवास हे जोडीने चालतात. युरोपात जुन्या काळी ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण झाला की नाताळपर्यंत उपवास पाळत. मग नाताळ येई आणि तो एक दिवसाचा नसे. तीन राजांच्या सणापर्यंत चाले. आपण हे उलटे केले आहे. डिसेंबर लागला की शाळेचा नाताळ, ऑफिसचा नाताळ, मंडळाचा नाताळ, कॅरल गाणाऱ्यांना घरोघरी केक. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत नाताळ तीन वेळा खाऊन होतो आणि २६ डिसेंबरला आपण गोठा आवरायला घेतो. वाट पाहणे म्हणजे काय हे शरीराला कळतच नाही. ज्यांना वजन सांभाळायचे आहे त्यांना आम्ही पहिली सूचना हीच करू, की २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत डबा उघडू नये. हे पथ्य म्हणून जड जाईल. आगमनकाळ म्हणून पाळले तर तितके जात नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना खादाडपणाचे पाच प्रकार आम्हाला पाठ करावे लागले होते. पोप संत ग्रेगरी यांनी ते सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ग्रंथात ते विस्ताराने घेतले. वेळेआधी खाणे, फार किमती खाणे, फार जास्त खाणे, अधाशीपणाने खाणे, आणि फार चोखंदळपणे खाणे. पाचांपैकी किती खाल्ले याच्याशी संबंध फक्त एकाचा! बाकीचे चार मनाचे आहेत. 'हेच हवे, असेच हवे' म्हणून यजमानिणीला दमवणारा माणूस दोनच घास खाईल, तरी तो या यादीत बसतो. पंगतीत बसून प्रत्येक पदार्थातल्या कॅलरी मोठ्याने मोजणारी आणि शेजाऱ्याचा घास कडू करणारी व्यक्तीही, आमच्या मते, पाचव्या प्रकारापासून फार लांब नाही.

आणखी एक गोष्ट संत थॉमस सांगतात. ती ऐकून वर्गात आम्हाला आश्चर्य वाटले होते. शरीराच्या धारणेला लागणारे सुखही जो झिडकारतो, तो दोषी आहे. अन्नाला चव देवानेच दिली आहे. प्रभू येशू लग्नघरी गेले, जकातदारांच्या पंक्तीला बसले, आणि त्यापायी त्यांच्यावर खाण्यापिण्याचा ठपकाही आला. जेथे त्यांचा जन्म झाला त्या बेथलेहेमचा अर्थच 'भाकरीचे घर', आणि जन्मल्यावर त्यांना ठेवले ते गुरांच्या गव्हाणीत. असा प्रभू आपल्या वाढदिवसाला करंजी नको म्हणेल असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात बसून हे लिहिताना सेवाग्रामची आठवण होणारच. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले. त्यांच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत आहे : जिभेच्या सुखासाठी खायचे नाही, शरीराला लागते म्हणून खायचे. त्या व्रताविषयी आम्हाला फार आदर आहे. उपवासकाळात तर त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण नाताळच्या दिवशी आपली वाट थोडी वेगळी आहे असे आम्ही नम्रपणे म्हणू. सणाला स्वाद घ्यावा, आणि सावकाश घ्यावा. त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत होते. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिणारे हे अर्थशास्त्रज्ञ. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघातून त्यांनी हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा प्रचार केला. ते ऐकून काही जण म्हणतात, "मग गुळाची करंजी मधुमेहाला चालते." चालत नाही. रक्तात गेल्यावर गूळही साखरच होतो. हातसडीचा तांदूळ मात्र खरोखर पांढऱ्या तांदळापेक्षा बरा, आणि आपल्या आजीच्या चुलीवरची ज्वारीची भाकर तर उत्तमच. शेतातून कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीला बाहेर काढले. निदान ताटातून तरी आपण काढू नये.

आता प्रमाणाविषयी. ॲरिस्टॉटलने एक सुंदर उदाहरण दिले आहे. एखाद्याला दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते, म्हणून आखाड्याचा उस्ताद सगळ्यांना सरसकट सहा माप देत नाही. मिलो नावाच्या नामांकित पहिलवानाला सहा माप कमी पडेल, आणि कालच आखाड्यात आलेल्या पोराला तेच फार होईल. मध्यम म्हणजे आकड्यांमधला मध्य नव्हे. तो ज्याचा त्याने ओळखायचा असतो. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. दिवसभर वाकून वेचणाऱ्या आणि संध्याकाळी ओझे डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला चार पुऱ्या पचतात. पेन्शन घेऊन खुर्चीत बसलेल्या गुरुजींना त्याच चार पुऱ्या जड. तळणीच्या एका चमचा तेलात ४५ कॅलरी असतात आणि तासभर चालले तर दोनशेच्या आसपास खर्च होतात, एवढा हिशोब पुरे. पंगतीत मात्र वेचणीवाल्या बाईला आणि गुरुजींना आपण एकाच हाताने, एकाच आग्रहाने वाढतो. वर, जो जास्त खातो त्याचे कौतुक आणि जो पुरे म्हणतो त्याची थट्टा.

आग्रह हा वाईट शब्द नाही. त्यामागे प्रेम आहे. त्यामागे दुष्काळाची आठवणही आहे. ज्यांच्या घरी वर्षातून दोनदाच गोडधोड होई, त्यांना पाहुण्याने लाजून उपाशी उठू नये अशी काळजी असे. तेव्हा आग्रह ही दया होती. आज गोडाचा डबा महिनाभर रिकामा होत नाही आणि तरी आपण 'माझी शपथ', 'माझ्या हातचे नको का' म्हणून घास कोंबतो. तेव्हा तो कोणासाठी असतो? पुष्कळदा आपल्याच मानासाठी. पाहुण्याने चार खाल्ले म्हणजे आपला पदार्थ चांगला झाला, हे मोजमाप आपण सोडायला हवे. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात मेजवानीत कसे वागावे यावर जवळजवळ अर्धा अध्याय आहे (अध्याय ३१). शेजाऱ्याच्या मनाची कल्पना स्वतःच्या मनावरून करावी, मर्यादशील माणसाने आधी हात आखडता घ्यावा, कमी खाणाऱ्याला झोप चांगली लागते, असे बरेच काही त्यात आहे. फार खाण्याची बळजबरी झालीच तर काय करावे याचाही उपाय बेन सिरा देतात. तो येथे छापण्यासारखा नाही, आपण घरी वाचावा. त्याच अध्यायाच्या शेवटी ते म्हणतात की मेजवानीत शेजाऱ्याची कानउघाडणी करू नये. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. "किती जाडी झालीस गं!" हे वाक्य नाताळच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर निदान दहा मुलींना ऐकावे लागते, आणि पुष्कळदा ते बोलणारीच पाच मिनिटांनी त्यांना करंजी वाढते.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला रागावून लिहिले ते आपण ऐकलेले आहे. जे सुखवस्तू होते ते लवकर येऊन जेवून घेत, आणि कामावरून उशिरा येणारे उपाशी राहत. आपल्या पंगतीत उशिरा कोण जेवते? स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बहिणी. दुपारी चार वाजता, सगळे आटोपल्यावर, उभ्या-उभ्या, उरलेले. चार वाजेपर्यंत पोटात फक्त चहा, आणि मग भूक अनावर होऊन जे पुढे असेल ते. घरीही तेच. मुलाने अर्धी टाकलेली पुरी, नवऱ्याने नको म्हटलेला भात, परवाचा केक. टाकायला जीव होत नाही म्हणून आई खाते. आपल्या मंडळातील बहिणी "आम्ही तर काही खात नाही, तरी वजन वाढते" म्हणतात, त्याचे अर्धे उत्तर येथे आहे. त्या ताट वाढून घेऊन खात नाहीत, हे खरे. अन्नाचा अपमान होऊ नये ही भावना पवित्र आहे; पण उरलेले अन्न आईच्या पोटात टाकणे हा काही त्यावर उपाय नव्हे. कमी शिजवावे, लहान वाढावे, उरले तर त्याच दिवशी शेजारी द्यावे.

मध्यरात्रीच्या मिस्साविषयी दोन शब्द. तेही काळजीने. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास एक तासाचा आहे, संध्याकाळपासूनचा नाही. आणि वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांना तोही बंधनकारक नाही. तरी आपल्याकडे काही जण दुपारपासून काही खात नाहीत. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी असे केले तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. एका नाताळी मागच्या बाकावर एक गृहस्थ असेच कोसळले आणि लोकांना वाटले भक्तीने भरून आले! अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून २४ ला संध्याकाळी सात-आठच्या सुमारास भाकर, वरण, भाजी असे साधे जेवण सर्वांनी करावे. मिस्सानंतर एक कप चहा आणि केकचा एक तुकडा पुरे. रात्री दीड वाजता पुलाव खाऊन झोपणे निरोगी माणसालाही झेपत नाही. मोठे जेवण २५ च्या दुपारी करावे, भूक लागल्यावर.

त्या जेवणात काही सोडू नये असे आमचे मत आहे. मटण होऊ द्या, पुऱ्या होऊ द्या. कोणाकडे वर्ध्याचा गोरसपाक आला असेल तर तोही. मटणाच्या रश्श्यावर तर्री येते ती पळीने बाजूला काढली तर निम्मे तेल तेथेच जाते आणि चव राहते. हे आम्ही आमच्या स्वयंपाकघरात करून पाहिले आहे. आधी कोशिंबीर, भाजी, मटण खावे, भात-पुरी मागून. साखर सावकाश चढते. गोडाचे चार प्रकार असतील तर चारही घ्यावेत, पण चवीपुरते. किंवा जो मनापासून आवडतो तो एकच घ्यावा आणि बाकीच्यांना हात जोडावेत. जेवल्यावर लगेच आडवे न होता पंधरा-वीस मिनिटे चालावे. चर्चमधला गोठा पाहायला चालत यावे. मोटारसायकल घरी राहू द्यावी.

घरे आशीर्वादित करायला आम्ही २६ पासून निघू. एका संध्याकाळी आठ-दहा घरे होतात आणि प्रत्येक घरी बशी पुढे येते. गेल्या वर्षी जानेवारीत आमचा कॅसॉक पोटावर बसेना, म्हणून या वर्षी आधीच सांगून ठेवतो : प्रत्येक घरी एक पदार्थ, एक तुकडा, आणि बिनसाखरेचा चहा. फादरांनी कमी खाल्ले म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये. आशीर्वाद पूर्ण मिळेल.

२५ तारखेच्या दुपारच्या सामुदायिक जेवणासाठी या वर्षी काही बदल ठरवले आहेत. गुलाबजाम लहान आकाराचे करायचे. गोड वाढायला कोणी फिरणार नाही. ते मेजावर ठेवले जाईल, ज्याला हवे त्याने उठून घ्यावे. पहिल्या पंगतीत स्वयंपाक करणाऱ्या बहिणी आणि ज्यांना औषधे चालू आहेत ते बसतील. त्यांना युवा मंडळाची मुले वाढतील. कोणी ताटावर हात आडवा धरला तर वाढप्याने एकदाही पुन्हा विचारायचे नाही, पुढे जायचे. हा शेवटचा नियम आम्हालाही लागू आहे. आम्ही मोडला तर मुलांनी पळी काढून घ्यावी. वाढायला ज्यांची नावे आली आहेत त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर पाच मिनिटे थांबावे. आजी आता तिकडच्या गावी लेकीकडे असतात. त्यांना आम्ही या नाताळला फोन करणार आहोत.